कुणाची टोपी, कुणाचं डोकं

मराठीत ‘टोपी घालणं’ म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण मला ते खऱ्या अर्थाने कळलं २०१२ च्या उन्हाळ्यात, आणि तेही बॉस्टनच्या ट्रेनमध्ये.

झालं असं, की माझा आतेभाऊ तिथे राहतो. त्याने आणि वहिनीने मला बेसबॉलची मॅच दाखवायचं ठरवलं. बेसबॉलमधलं माझं ज्ञान तेव्हा शून्य. पण प्रसंगाला शोभतील असे कपडे घालणं हा तर आपला धर्म! निघण्याआधी मी मुंबईत फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून दीडशे रुपयांत एक कॅप घेतली होती. गडद निळी, समोर पांढऱ्या रंगात ‘एन’ आणि ‘वाय’ एकमेकांत गुंतलेले. एकदम सही! ती डोक्यावर चढवून मी एकटीच ग्रीन लाइनच्या डब्यात शिरले.

अख्खा डबा माझ्याकडे बघायला लागला. आधी वाटलं, कॅप भारी दिसतेय. मग एका आजोबांनी अशी काही मान हलवली, की जणू मी त्यांच्या नातवाच्या लग्नाला काळी साडी नेसून आलेय. केनमोर स्टेशनवर दादा-वहिनी वाट बघत उभे होते. मला बघून दादाने कपाळावर हात मारला.

“अगं, ही यांकीजची टोपी आहे!”

“मग?”

“मग काय? आपण रेड सॉक्सच्या मॅचला चाललोय.”

“पण आज समोर यांकीज आहेत कुठे?”

“त्याने काय फरक पडतो?”

वहिनीने एक शब्दही न बोलता स्वतःच्या डोक्यावरची लाल ‘बी’वाली टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली आणि माझी टोपी दादाच्या सॅकमध्ये, टिफिनच्या खाली गेली. न्यूयॉर्क आणि बॉस्टनचं बेसबॉलमधलं हाडवैर मला तिथे फुकटात कळलं.

त्या दिवशी फेनवे पार्कवर मॅचमधलं मला फारसं काही झेपलं नाही. तीन तास करायचं काय? मी कपडे बघत बसले. आणि बॉस, तो नाद जो लागला तो आजतागायत सुटलेला नाही. मॅचचे स्कोअर मला अजूनही माहीत नसतात, पण कुठल्या टीमने बाहीवरची पट्टी बदलली, ते मात्र न चुकता कळतं.

घरी पांढरा, परगावी राखाडी

आधी थोडे बेसिक फंडे. बेसबॉलचा युनिफॉर्म म्हणजे बटणांचा शर्ट, पट्टा लावलेली पँट, लांब मोजे आणि टोपी. आपल्या मैदानावर पांढरा, परगावी राखाडी. पूर्वी दौऱ्यावर कपडे धुवायची सोय नसायची आणि राखाडीवर मळ कमी दिसतो, असं त्याचं कारण सांगतात. म्हणजे शाळेच्या सहलीला आई ‘मळखाऊ रंगाचं घाल’ म्हणायची, तेच लॉजिक.

सगळ्यात गंमत मॅनेजरची. इथे टीमचा मॅनेजर, वय साठ असो की सत्तर, पोट कितीही पुढे आलेलं असो, खेळाडूंचाच युनिफॉर्म घालून बसतो. आपल्या क्रिकेटच्या कोचने पॅड बांधून पॅव्हेलियनमध्ये बसावं, तसं! गाजलेला अपवाद कॉनी मॅकचा. फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सचा हा मॅनेजर अर्धशतकभर चक्क सूट-टाय घालून बसला.

नियमही एकसे एक आहेत. टीममधल्या सगळ्यांचा युनिफॉर्म रंगाने आणि कटने सारखा हवा. पाठीवरचा नंबर किमान सहा इंच उंचीचा हवा. काचेची किंवा चकाकणाऱ्या धातूची बटणं चालणार नाहीत. कपड्यावर कुठेही चेंडूसारखा आकार चालणार नाही. पिचरचा ग्लोव्ह पांढरा किंवा राखाडी चालणार नाही, कारण त्या पांढऱ्यात पांढरा चेंडू हरवला तर बॅटरने बघायचं काय? यात मिरवण्याचा भाग कमी आणि कॉमन सेन्स जास्त.

तेव्हापासून मी कुठल्याही टीमच्या कपड्यांना तीन प्रश्न विचारते. एक, लांबून ओळखू येतो का? दोन, त्यात खेळता येतं का? आणि तीन, तो कुणाचा तरी आहे का? हा तिसरा प्रश्न मला पहिली काही वर्षं सुचलाच नव्हता. तो कसा सुचला, ते शेवटी सांगते.

वरण-भात आणि मिसळ

सुरुवात आपल्या बदनाम टोपीपासूनच करू. न्यूयॉर्क यांकीजचा घरचा युनिफॉर्म म्हणजे पांढऱ्यावर गडद निळ्या बारीक उभ्या रेघा. बेब रुथ हा त्यांचा महान खेळाडू अंगाने जाडजूड होता, तो बारीक दिसावा म्हणून या रेघा आल्या, असं तुम्हाला कुणीही ठोकून सांगेल. मस्त स्टोरी आहे, पण खोटी. रेघा १९१५ पासून कायमच्या आहेत आणि रुथसाहेब यांकीजमध्ये आले १९२० मध्ये. (उभ्या रेघांनी बारीक दिसतं, ही आपली सगळ्यांची समजूतही त्याच पंगतीतली. मी अनुभवाने सांगते.)

यांकीजने पाठीवर कायमचे नंबर आणले १९२९ साली, आणि ते बॅटिंगच्या क्रमाने. रुथ तिसरा यायचा म्हणून ३, लू गेरिग चौथा म्हणून ४. नाव मात्र पाठीवर आजही नाही. शिस्त तर इतकी, की दाढी ठेवायला कित्येक दशकं मनाई होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुठे नीटनेटक्या दाढीला परवानगी मिळाली. दोन रंग आणि एक रेघ, बस्स. वरण-भात, वर तुपाची धार. कंटाळवाणं म्हणा हवं तर, पण शंभर वर्षांत त्याची कुणाला शिसारी आलेली नाही.

आता दुसरं टोक. १८८२ साली नॅशनल लीगमधल्या कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून आयडिया निघाली, की मैदानावरच्या प्रत्येक जागेसाठी वेगळ्या रंगाचा रेशमी शर्ट ठेवायचा! म्हणजे दोन्ही टीमच्या पिचरचा रंग एकच, दोन्ही टीमच्या कॅचरचा एकच. मग टीम ओळखायची कशी? मोज्यांवरून! समोरून धावत येणारा माणूस आपला की परका, हे कळायला त्याच्या पोटऱ्या बघायच्या. खेळाडू वैतागले, प्रेक्षक हसले आणि सीझन संपायच्या आत तो तमाशा गुंडाळला गेला. माझ्या पहिल्या प्रश्नात सपशेल नापास.

आणि मग आलं १९७० चं दशक. काय वर्णावं! पिट्सबर्ग पायरेट्सने १९७० मध्ये बटणं आणि पट्टा काढून टाकला आणि अंगाला चिकटणारं पॉलिएस्टर आणलं. डोक्यातून घालायचा शर्ट आणि इलॅस्टिकची पँट. हळूहळू बाकीचेही त्याच वाटेने गेले. नंतर १९७५ मध्ये ह्यूस्टन अॅस्ट्रोजने कमाल केली. छातीपासून पोटापर्यंत लाल, केशरी, पिवळे आडवे पट्टे, वर निळा चांदणीचा तारा. बघताना डोक्याला शॉट. झणझणीत मिसळ, वर फरसाण, वर शेव, वर अजून थोडी तर्री. तेव्हा लोक हसले. आज तीच जर्सी ‘रेट्रो’ म्हणून मिरवली जाते. मला विचाराल तर ती दहापैकी नऊ. कारण शंभर मीटरवरूनही ती ह्यूस्टनचीच वाटते.

शिकागो व्हाइट सॉक्सचं मात्र मी काहीही ऐकून घेणार नाही. मालक बिल व्हीक. ऑगस्ट १९७६. खेळाडूंना त्याने हाफ चड्डी घालायला लावली! आता बेसबॉलमध्ये बेसपर्यंत पोहोचायला माणूस धावता धावता मातीवर घसरत जातो. उघड्या गुडघ्यांनी? शाळेच्या मैदानावर एकदा तरी पडलेल्या प्रत्येकाला हे कळतं, मालकाला कळलं नाही. जेमतेम तीन मॅचमध्ये त्या चड्ड्या दिसल्या आणि कपाटात गेल्या. दुसऱ्या प्रश्नात शून्य.

त्या मानाने चार्ली फिनली हा मालक चक्रम असला तरी त्याची नजर चांगली होती. त्याची अॅथलेटिक्स टीम कॅन्सस सिटीत होती, तेव्हा १९६३ मध्ये त्याने तिला हिरवा आणि सोनेरी रंग दिला आणि १९६७ मध्ये पांढरे बूट. बाकीच्या टीम काळ्या बुटांत असताना! लोक म्हणाले, ही काय सर्कस. याच सर्कशीने ओकलंडला गेल्यावर १९७२, ७३ आणि ७४ अशी सलग तीन वर्षं वर्ल्ड सिरीज जिंकली. मग कुणी हसेना. आता मात्र तिथली गोष्ट हसण्यासारखी राहिलेली नाही. २०२४ चा सीझन संपला आणि मालकांनी टीम ओकलंडमधून हलवली. हिरवा-सोनेरी रंगही तिच्याबरोबर गेला. ज्या लोकांच्या कपाटात पन्नास वर्षांच्या हिरव्या टोप्या आहेत, त्यांनी आता त्यांचं काय करायचं?

तपकिरीची घरवापसी

तिसऱ्या प्रश्नाकडे जाताना वाटेत सॅन डिएगो लागतं. तिथल्या टीमचं नाव पॅड्रेज, म्हणजे स्पॅनिशमध्ये पाद्री. १७६९ साली फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी तिथे मिशन उभारलं, त्यावरून हे नाव. त्या पाद्र्यांचे झगे तपकिरी, म्हणून १९६९ मध्ये मेजर लीगमध्ये आल्यापासून टीमचा रंगही तपकिरी. जोडीला पिवळा. १९७२ मध्ये तर डोक्यापासून पायापर्यंत मोहरीच्या रंगाचा युनिफॉर्म होता. चेष्टा किती झाली असेल, विचारू नका.

मग १९९० च्या दशकात टीमने शहाणपणा केला. तपकिरी काढून गडद निळा आणला. पुढची कित्येक वर्षं निळ्याच्याच छटा. दिसायला एकदम नीट, स्वच्छ, कॉर्पोरेट. आणि इथेच लोचा झाला. मेजर लीगमध्ये निळ्या रंगाच्या टीम काय कमी आहेत? लांबून बघितलं तर ही टीम कुणाचीही असू शकते. सॅन डिएगोच्या चाहत्यांनी वर्षानुवर्षं एकच धोशा लावला, आमचा तपकिरी आम्हाला परत द्या. २०२० च्या सीझनला तो परत आला.

मला ही गोष्ट भयंकर आवडते. घरातल्या जुन्या शिसवी कपाटावर कुणीतरी मॉड दिसावं म्हणून पांढरा रंग फासावा आणि वीस वर्षांनी तो खरवडून काढताना जीव भांड्यात पडावा, तसं काहीसं. तपकिरी रंग सुंदर आहे का? बहुतेक नाही. पण तो त्यांचा आहे.

याच्या उलट बघा. ऑगस्ट २०१९ मधल्या एका वीकएंडला लीगने सगळ्या टीमना एक तर संपूर्ण काळे, नाहीतर संपूर्ण पांढरे कपडे घातले. नावं, नंबरही जवळजवळ त्याच रंगाचे. एकीकडे शोकसभा, दुसरीकडे आइस्क्रीम पार्लरचा स्टाफ. कोण कुठल्या टीमचा, काही पत्ता नाही. तसंच ऑल-स्टार मॅचचं. तिथे प्रत्येक खेळाडू आपापल्या टीमच्या कपड्यांत उतरायचा, त्यामुळे मैदानावर रंगपंचमी असायची. २०२१ मध्ये ते बंद करून दोन्ही बाजूंना सरसकट एकेक गणवेश दिला. चार वर्षं लोकांनी बोंब मारली, तेव्हा २०२५ मध्ये जुनी पद्धत परत आली.

आणि २०२४ तर कहरच. नायकीने डिझाइन केलेले, फॅनॅटिक्सने बनवलेले नवे युनिफॉर्म आले. हलके, हवेशीर वगैरे. पाठीवरच्या नावांची अक्षरं एवढीशी, शर्ट आणि पँटचे राखाडी वेगवेगळे, घामाचे डाग स्पष्ट, आणि पांढऱ्या पँटमधून आत खोचलेला शर्ट आरपार दिसतोय! खेळाडूंच्या संघटनेने तक्रारी केल्या आणि २०२५ मध्ये मोठी अक्षरं परत आणावी लागली. त्याआधी, २०२३ पासून, बाहीवर जाहिरातीचे बिल्लेही आलेच होते. लाखो डॉलर घेणाऱ्या खेळाडूला जत्रेत मिळणाऱ्या झग्यात उभं करायचं, याला धाडस लागतं.

पिवळा

आता ती शेवटची गोष्ट.

२०२१ मध्ये नायकीने ‘सिटी कनेक्ट’ नावाचा प्रकार सुरू केला. प्रत्येक टीमने आपल्या शहरावरून सुचलेला एक वेगळा युनिफॉर्म घालायचा. २०२४ पर्यंत यांकीज आणि अॅथलेटिक्स सोडून बाकी अठ्ठावीस टीमनी तो घातला. पहिला मान बॉस्टनचा. फोटो आला आणि मी उडालेच. रेड सॉक्सचा शर्ट पिवळाधमक! त्यावर फिकट निळी अक्षरं, टोपीही फिकट निळी. नावात ‘रेड’ आणि अंगावर लाल नावालासुद्धा नाही!

मी लगेच फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘दादा, तुमची टीम हळदीला निघालीय का?’ वर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मावश्या, माम्या, सगळे हसले.

दादाने उत्तर दिलं नाही. तासाभराने वहिनीचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकटीला. ‘अगं, मॅरेथॉनच्या फिनिश लाइनचे रंग आहेत ते.’

मला कळायला थोडा वेळ लागला. बॉस्टन मॅरेथॉन एप्रिलमध्ये, पेट्रियट्स डेच्या सोमवारी असते. त्याच दिवशी सकाळी फेनवे पार्कवर मॅच असते आणि मॅच संपली, की लोक चालत चालत धावपटूंना टाळ्या वाजवायला जातात. १५ एप्रिल २०१३ ला, मॅच संपल्यावर काही वेळाने, फिनिश लाइनजवळ दोन बॉम्ब फुटले. तीन माणसं गेली, शेकडो जखमी झाली. आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती. आत्याकडे सगळे फोनशी बसून होते, कारण वहिनी त्या दिवशी त्या रस्त्यावर उभी होती आणि तिचा फोन लागत नव्हता. पहाटे कधीतरी दादाचा आवाज आला, ‘ती चालत घरी आलीय.’ एवढंच. वहिनी त्या दिवसाबद्दल आमच्याशी कधीच बोलली नाही.

हल्ल्यानंतर रेड सॉक्स घरच्या मैदानावर पहिल्यांदा उतरले ते २० एप्रिल २०१३ ला. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर छातीवर नेहमी टीमचं नाव असतं. त्या दिवशी तिथे फक्त शहराचं नाव होतं, बॉस्टन. कट तोच, रंग तोच, शब्द एक बदलला. डिझाइनच्या कॉलेजात वर्षभर शिकवूनही हे शिकवता येणार नाही.

आणि २०२१ चा तो पिवळा शर्ट? त्याच्या बाहीवर धावपटूंच्या छातीवर असतो तसा बिल्ला आहे आणि त्यावर ६१७ हा बॉस्टनच्या टेलिफोनचा एरिया कोड. कोविडमुळे त्या वर्षी एप्रिलमध्ये मॅरेथॉन झालीच नाही, ती ऑक्टोबरवर गेली. रस्त्यावर ती पिवळी-निळी रेघ नव्हती, तेव्हा हे नऊ जण ती अंगावर घेऊन मैदानात उभे होते. आधी बॉस्टनमध्येही नाकं मुरडली गेली. मग टीम त्या कपड्यांत जिंकत गेली आणि शहराने तो पिवळा आपला म्हणून टाकला.

मी वहिनीला फोन करून सॉरी म्हटलं. ती म्हणाली, “अगं, हळदीसारखा दिसतोच तो. मला पण हसू आलं होतं आधी.” मग थोडं थांबून म्हणाली, “पण मी घेतलाय एक.”

माझा तिसरा प्रश्न तिथे जन्माला आला. रंग शोभतो का, हे आरशासमोर ठरतं. रंग कुणाचा आहे, हे ठरवायला आरसा उपयोगाचा नाही. त्याच्यामागे काय घडलं, ते माहीत असावं लागतं. त्यामुळे हल्ली कुठल्याही टीमच्या कपड्यांना मार्क देण्याआधी मी जरा थांबते आणि विचारते, हे कुणाचं काय आहे?

जाता जाता त्या टोपीचं सांगते. यांकीजच्या टोपीला जगभर पाय फुटले, त्यात दिग्दर्शक स्पाइक लीचा मोठा हात आहे. १९९६ मध्ये त्याने न्यू एरा कंपनीकडून ती खास लाल रंगात बनवून घेतली आणि ती टोपी मैदान सोडून थेट फॅशनमध्ये शिरली. परवा एफसी रोडवर एका मुलाच्या डोक्यावर तीच टोपी दिसली. न राहवून विचारलं, “यांकीजचा फॅन का?”

“कोण यांकीज?” तो म्हणाला. “ब्रँड आहे ना हा?”

हसू नका. २०१२ मध्ये मी तरी काय वेगळी होते? फक्त जमलं तर त्याला एवढं सांगा, बॉस्टनला जाणार असशील तर ती घरी ठेव बाबा. तिथे प्रत्येकाला आपापली वहिनी भेटेलच असं नाही.